फुल्यांचा हिशेब

शाळेत फुली म्हणजे चुकलं. गुरुजी पाटीवर खडूनं फुली मारायचे आणि आम्ही ती थुंकीनं पुसून परत गणित मांडायचो. आमच्या घरात मात्र तीन-चार वर्षं फुलीवर मीठ-मिरची आली. आक्का कापडावर फुल्या भरायची आणि मी त्या पुण्याला शनिवार पेठेतल्या एका दुकानात पोचत्या करायचो. शेतकऱ्याच्या आठवणी म्हटलं की बैल, विहीर, दुष्काळ यायचाच. माझ्या आठवणीत त्याच्या जोडीला भरतकामाचं दुकान आहे, कारण माझी दहावी त्या दुकानातून झाली.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, पाबळच्या बाजूला. मुरमाड माळ. पावसावरची बाजरी, मटकी, हुलगा. १९७२ साली पावसानं तोंड फिरवलं आणि सगळा महाराष्ट्र होरपळला. विहिरींचे तळ उघडे पडले. जनावरं मिळेल त्या भावानं गेली. रेशनवर तांबडा मिलो यायचा, त्याची भाकरी थापताना आईच्या हातात तुटायची. सरकारनं दुष्काळी कामं काढली. आबा, आई आणि आक्का तिघंही खडी फोडायला जायची. दुपारी तिथं सुकडी मिळायची, ती आक्का फडक्यात बांधून माझ्यासाठी आणायची. ती तेव्हा सोळा वर्षांची. चौथी झाल्यावर तिची शाळा सुटली होती. मी सातवीत होतो.

आमच्या गुरुजींच्या बाईंचं माहेर शनिवार पेठेतलं. आक्का त्यांचं पाणी भरायची, त्या बदल्यात बाई तिला संध्याकाळी भरतकाम शिकवायच्या. साखळी टाका, गहू टाका, काज टाका, गाठीचा टाका असं सगळं तिनं एका फडक्यावर करून बघितलं. पण तिचा हात बसला तो फुलीच्या टाक्यावर. बाई म्हणायच्या, "हिला बाकीच्या टाक्यांपेक्षा हा आवडतो, कारण यात मोजावं लागतं."

हा टाका घालतात मॅटीच्या कापडावर. जाडसर कापड, चौकड्यांच्या विणीचं. चार भोकांचं एक घर. एका कोपऱ्यातून सुई वर काढायची, तिरप्या कोपऱ्यात खाली घालायची, की झाली अर्धी फुली. ओळभर अशा अर्ध्या फुल्या घालत जायचं आणि परत येताना दुसऱ्या अंगानं त्या पुऱ्या करत यायचं. सुईचं टोक बोथट असतं, कारण कापड टोचायचं नसतं, भोक गाठायचं असतं. कापडावर चित्र छापलेलं नसतं. चित्र चौकटीच्या कागदावर शेजारी ठेवायचं आणि घरं मोजत मोजत भरायचं. एक घर चुकलं तर चूक पुढं पुढं सरकत जाते. पेरताना तास वाकडा गेला तर तो खुरपणीपर्यंत डोळ्याला टोचत राहतो, तसंच. वरचे टाके सगळे एकाच दिशेनं झुकलेले पाहिजेत, नाहीतर उजेडात कापड चट्ट्यापट्ट्याचं दिसतं.

दिवसभर खडी फोडलेल्या हातानं हे करायचं म्हणजे वेगळीच तऱ्हा. बोटांना घट्टे पडलेले, चामडी फाटलेली. रेशमासारखा दोरा त्यात अडकायचा आणि त्याचे तंतू निघायचे. तेल लावावं तर कापडाला डाग. मग आक्का टाचा घासायची वजरी घेऊन बोटं घासायची, शिकेकाईनं हात धुवायची आणि चिमणीजवळ बसायची. आई म्हणायची, "आगं, डोळं जातील." आक्का म्हणायची, "खडीनं हात चाललेत, त्ये कुनी बगत न्हाई."

बाईंच्या ओळखीनं शनिवार पेठेतल्या दुकानाचं काम मिळालं. पहिल्या खेपेला गुरुजी मला बरोबर घेऊन गेले. पुढं मी एकटा जायला लागलो. सकाळची एसटी शिवाजीनगरच्या स्टँडवर उतरवायची. तिथून चालत कॉर्पोरेशन, मग नवा पूल ओलांडला की समोर शनिवारवाडा. वाड्याच्या मागच्या अंगाला, नदीकडं उतरणाऱ्या एका बोळात ते दुकान होतं. जुन्या वाड्याची पुढची खोली, तीन दगडी पायऱ्या, उघडायच्या-लावायच्या फळ्या. आणि पुण्याचा कायदा म्हणजे दुपारी एक ते चार बंद. एसटीला उशीर झाला की मला तीन तास काढावे लागायचे. मग मी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाशी बसून त्याचे अणकुचीदार खिळे मोजायचो. बाजीराव पेशव्यांनी १७३० साली त्या वाड्याचा पाया घातला आणि १८२८ च्या आगीत आतलं बहुतेक सगळं जळालं, हे मी तिथंच एका माणसाकडून ऐकलं. पुढं परीक्षेत ते कामाला आलं.

दुकान एवढंसं होतं, पण आत शिरलं की डोळे दिपायचे. भिंतीभर लाकडी खण आणि खणांत दोऱ्याच्या लच्छ्या. क्रोशाच्या सुया, विणायच्या सुया, लाकडी रिंगा, मणी, टिकल्या, जर. कोपऱ्यात एक बाई साडीवर नक्षी उतरवून द्यायची. बारीक भोकं पाडलेला कागद साडीवर अंथरायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्यानं वरून फिरवायची. कागद उचलला की खाली वेलबुट्टी उमटलेली. दुकानाला कायम त्या रॉकेलचा वास. आमच्या घरी चिमणीचाही तोच वास, त्यामुळं मला तिथं परकं वाटलं नाही.

मालकीणबाईंना सगळे काकू म्हणायचे. नऊवारी नाही, गोल पातळ, नाकावर चष्मा. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं तेव्हा नदीकाठच्या सगळ्या पेठांत पाणी शिरलं. काकूंच्या दुकानातही शिरलं. पाणी कुठवर आलं होतं ते त्या भिंतीवर हात ठेवून दाखवायच्या. चिखलात बुडालेल्या लच्छ्या धुऊन त्यांनी गच्चीवर वाळत घातल्या होत्या. रंग पक्का होता म्हणून दुकान परत उभं राहिलं, असं त्या सांगायच्या. त्यांच्या सासूबाई सेवासदनात शिवण शिकलेल्या. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात काढलेल्या त्या संस्थेत बायका हातातली कला शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. काकूंचं दुकान त्याच शिकवणीतून आलेलं.

दुकानात रंगाला नाव नव्हतं, नंबर होता. अँकरच्या लच्छीवर कागदी पट्टी असायची, तिच्यावर आकडा. ४०३ म्हणजे काळा. ४६ म्हणजे लालभडक. एका लच्छीत आठ मीटर दोरा, आणि तो सहा पदरांचा. बारीक कापडाला त्यातले दोन पदर सोडवून घ्यायचे. आक्काला सगळे नंबर ठाऊक नव्हते. ती मला तोंडी सांगून पाठवायची, "हुरड्यावर आलेल्या कणसाचा हिरवा आन." मी काकूंना तसंच सांगायचो. काकू चष्मा कपाळावर सारून खण उघडायच्या, चार हिरवे काढून फळीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "यातला तुझा हुरडा कुठला ते तूच ओळख, पाबळकर." मी बोट ठेवायचो. त्या नंबर कागदावर लिहून द्यायच्या. बाजरीच्या कोंबाचा, चिंचेच्या कोवळ्या पाल्याचा, पिकल्या बोराचा, सगळ्यांचे नंबर असे आमच्याकडं जमा झाले.

एकदा काकूंनी मला त्यांचं इरकली लुगडं दाखवलं. त्यावर कशिदा होता, धारवाडकडच्या बायका भरतात तो. कसुती म्हणतात त्याला. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे त्याचे चार टाके. मेंथी म्हणजे आपली मेथी, आणि तो टाका म्हणजे आपली फुलीच. काकू म्हणाल्या, "हा टाका साहेबाच्या पुस्तकातून आला असं लोक समजतात. घरी जाऊन बहिणीला सांग, कानडी मुलुखातल्या बायका कागद न बघता, नुसते धागे मोजून हे भरत आल्यात." मी सांगितलं. आक्का म्हणाली, "मंग त्यास्नी बी मोजायला येत व्हतं."

आता दुकानाचा खरा धंदा सांगतो. लग्नात मुलीकडचे रुखवत मांडतात. त्यात लाडू-चकल्यांच्या जोडीला मुलीच्या हातच्या वस्तू असतात. तोरणं, रुमाल, उशांचे अभ्रे, काचेच्या चौकटीतले गणपती, राजहंस, ताजमहाल आणि 'सुस्वागतम्'. नवरीच्या अंगी काय गुण आहेत ते वऱ्हाडानं बघावं यासाठी हे सगळं. पण ज्या मुली कॉलेजात किंवा नोकरीत असायच्या त्यांना हे करायला सवड कुठली? मग त्यांच्या आया शनिवार पेठेत, तुळशीबागेत तयार वस्तू शोधायच्या. काकू त्या वस्तू आक्कासारख्या बायकांकडून करून घ्यायच्या. त्यात लबाडी होती असं मी म्हणणार नाही. बघणाऱ्यांतही निम्म्यांना ते ठाऊक असायचं.

पण चौकटीच्या खाली नवरीचं नाव लागायचं. तेही फुल्यांतच भरलेलं. नमुन्यांच्या पुस्तकांत अक्षरं असायची ती इंग्रजी. मराठी अक्षर कुणी आखून दिलेलं नव्हतं. आक्कानं माझी गणिताची चौकटीची वही घेतली आणि त्यात एकेक अक्षर बसवलं. 'अ' ला किती घरं, 'क' चं पोट किती घरांचं, वेलांटी डोक्यावर वळवायची तर वर किती ओळी सोडायच्या, उकाराला खाली किती. 'ज्ञ' नं तिला आठ दिवस छळलं. चौथी शिकलेल्या पोरीनं अख्खी बाराखडी चौकटीत घातली. पुढं काकूंकडं नावाच्या चिठ्ठ्या यायला लागल्या आणि मी त्या घेऊन गावाकडं जायला लागलो. कुणाकुणाच्या लेकी, चि. सौ. कां. अमुक. आक्का प्रत्येक नाव आधी मोठ्यानं वाचायची, मग भरायची. अक्षराला चार आणे मिळायचे. जोडाक्षर आलं की ती वैतागायची, कारण घरं दुप्पट आणि पैसे तेवढेच.

मोठ्या चौकटीचे वीस रुपये मिळायचे. दोरा-कापड दुकानाचं. दुष्काळात वीस रुपये म्हणजे थोडे नव्हते, आणि आम्ही कुणी कुरकुर केली नाही. दुष्काळ सरला, बाजरी परत आली, तरी आक्काची चौकट चालूच राहिली. ईबीसीमुळं माझी फी माफ होती, पण वह्या, एसटीचं भाडं, कपडे, सगळं त्या चौकटीतून निघायचं. मी नववीत असताना गणितात क्षेत्रफळ आलं. आक्का शेजारी भरत बसलेली. तिनं विचारलं, "ह्येचं बी निगंल का रं?" मी काढलं. चौकट बारा इंच गुणिले नऊ, म्हणजे एकशे आठ चौरस इंच. इंचाला चौदा घरं, म्हणजे एका चौरस इंचात १९६ फुल्या. एकूण २१,१६८. निम्मं कापड कोरं सोडलेलं, तरी उरल्या १०,५८४. वीस रुपयांचे दोन हजार पैसे. भागाकार केला. एका पैशाला पाच फुल्या, वर थोड्या.

आक्का बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "येत्या खेपंला म्या येनार."

१९७५ च्या दिवाळीआधी ती पहिल्यांदा पुण्याला आली. तोवर दोन वर्षं तिचं काम त्या दुकानात जात होतं, पण तिनं दुकान पाहिलं नव्हतं. पायरीशी चपला काढल्या, आत आली आणि पहिल्यांदा दोऱ्यांचे खण बघत राहिली. काकूंनी तिला पाणी दिलं, बसायला पाट दिला. "म्हणजे तू पाबळवाली! मला वाटलं होतं कोणी मोठी बाई असेल."

आक्कानं वहीचं पान पुढं केलं. "काकू, पैशाला पाच फुल्या पडत्यात."

काकूंनी चष्मा लावून माझं गणित वाचलं. रागावल्या नाहीत. त्यांनी आपली वही काढून त्यांचा हिशेब मांडला. कापड, दोरा, काच, लाकडी चौकट, जागेचं भाडं, आणि गिऱ्हाईक चौकट चाळीसला मागतं, वर चहाचे पैसे काढून घेतं ते वेगळंच. "अगं, मी तुला जास्त दिले तर ती तुळशीबागेतून घेईल."

"चौकट घेतील की," आक्का म्हणाली. "पन नावं? मराठी नावं दुसरं कोन भरून देतंय?"

काकू थांबल्या. मग हसल्या. "नाही देत कोणी."

अक्षराचे चार आण्यांचे आठ आणे झाले, जोडाक्षराचा रुपया. चौकटीचे वीसचे सव्वीस. मला वाटलं झालं, आता उठायचं. पण आक्काची नजर काकूंच्या उघड्या वहीवर होती. तिथं तारखा होत्या, पुढं 'पाबळ, चौकट १, रु. २०', 'पाबळ, अक्षरे ७'. पानंच्या पानं नुसतं पाबळ.

"ह्ये गावाचं नाव झालं," आक्का म्हणाली. "भरतीय म्या. वहीत तरी माजं नाव लिवा."

काकूंनी पेन उचललं. पाबळ खोडलं नाही, त्याच्यापुढं आक्काचं पूर्ण नाव लिहिलं, आबांच्या नावासकट, आणि वही तिच्याकडं फिरवून विचारलं, "असंच ना?" आक्कानं एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. अनेक लेकींची नावं भरलेली ती, पण स्वतःचं पूर्ण नाव दुसऱ्यानं शाईनं लिहिलेलं तिनं शाळेच्या दाखल्यानंतर तेव्हाच पाहिलं असावं. येताना एसटीत ती माझ्याशी फारसं बोलली नाही. खिडकीतून बाहेर बघत होती आणि मधेच हसत होती.

मार्च १९७६ ला मी दहावीला बसलो. दहावीचा बोर्ड तेव्हा नवाच, त्याच्या आदल्या वर्षी पहिली तुकडी बाहेर पडलेली. त्याआधी अकरावीला मॅट्रिक असायची. फॉर्मची फी आक्कानं भरली. मी पास झालो, आणि पुढं शिकायला घरात माणूसही नव्हतं, पैसाही नव्हता. औत हाती घेतलं ते घेतलंच.

पुढच्या उन्हाळ्यात आक्काचं लग्न झालं. रुखवतात तिच्या हातची फुली एकही नव्हती. इतकी वर्षं भरलेलं सगळं दुसऱ्यांच्या मांडवात गेलेलं. आईनं शिवलेल्या दोन वाकळा, लाडू, आणि ज्याच्यावर ती शिकली ते टाक्यांचं फडकं, एवढंच होतं. वऱ्हाडातल्या एका बाईनं नाक मुरडलं, "पोरीला काय येत न्हाई वाटतं." मी तिथंच होतो. तोंड उघडणार तोच आक्कानं डोळ्यानं दाबलं. नंतर म्हणाली, "तिला सांगून काय? तिच्या लेकीच्या रुखवताला पुन्यातनंच आनंल ती."

सासरी शेतीचा राडा मोठा, चिमणीजवळ बसायला उसंत नाही. दुकानाचं काम सुटलं. काकू पुढं गेल्या. अधूनमधून मी बाजाराला पुण्याला गेलो की बोळात डोकवायचो. वाडा पाडून इमारत झाली, दुकान तिच्या तळमजल्यावर आलं, काकूंच्या सूनबाई बसायला लागल्या. रुखवतात प्लास्टिकची फुलं, थर्माकोलची घरं आली तशी चौकटी मागणारं गिऱ्हाईक आटलं. मधे दुकानात स्वेटरची लोकरच जास्त दिसायची. शिवाजीनगरचा स्टँड मेट्रोसाठी वाकडेवाडीला हलवला, त्यानंतर माझं पायी जाणंही कमी झालं. पण अलीकडं गेलो तर दुकानात जीन घातलेल्या पोरी आणि एक पोरगाही रिंगा, दोरे घेत होते. कंप्युटरवर डोळे शिणतात म्हणून संध्याकाळी फुल्या भरतो, असं तो म्हणाला. मॅटीला ते आयडा म्हणतात. एका चौकटीचे किती घ्यायचे असं त्यानं सूनबाईंना विचारलं, तेव्हा मी मधेच बोललो, "आधी फुल्या मोज, मग पैसे ठरव." तो हसला, पण सूनबाईंनी मान डोलावली.

आक्का आता सत्तरीकडं आली. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. बारीक फुली दिसत नाही, पण धावदोरा दिसतो. तिच्या गावातल्या बचत गटाच्या बायका गोधड्या शिवतात आणि हिवाळ्यात पुण्यात भीमथडी जत्रा भरते तिथं गाळा लावतात. शहरातली माणसं जुन्या लुगड्यांच्या गोधडीला हजारांत पैसे देतात, हे बघून आधी बायकांचा विश्वास बसला नव्हता. भाव ठरवायला आक्का बसते. किती लुगडी, किती थर, किती दिवस, टाका बोटभर की अर्ध्या बोटाचा, सगळं विचारते. आणि प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्याला एक चिठ्ठी टाचलेली असते, तिच्यावर जिनं शिवली तिचं पूर्ण नाव. गटाचं नाव खाली, बारीक अक्षरात. एका पोरीनं विचारलं, "आजी, गटाचं नाव वर घालू का, वळख राहील." आक्का म्हणाली, "गट काय सुई धरतुय व्हय?"

हा लेख लिहिताना मी तिला म्हटलं, तुझं नाव घालतो, तुझ्यामुळंच तर लिहायला आलं. ती चिठ्ठ्या टाचत होती. वर न बघता म्हणाली, "माजं नाव माज्या कामावर आलं, तेवडं बास. ह्ये तुजं काम. ह्याच्यावर तुजं घाल."

म्हणून इथं ती नुसती आक्का आहे. पूर्ण नाव बघायचं असेल तर हिवाळ्यात जत्रेला या आणि गोधडीचा कोपरा उलटून बघा.